रेसिडेन्सीचा बंगला आणि एकोणीस पत्रे

बंगळूरच्या मध्यभागी तीन इमारती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. त्यांतली सगळ्यात जुनी म्हणजे आजचे राजभवन. सर मार्क कब्बन या कमिशनरने १८४०च्या सुमारास हा बंगला राहण्यासाठी बांधला. १८८१ नंतर म्हैसूर दरबारावर नजर ठेवणारा ब्रिटिश रेसिडेंट तिथे राहू लागला आणि बंगल्याला रेसिडेन्सी हे नाव पडले. दुसरी इमारत अट्टर कचेरी, म्हणजे अठरा कचेऱ्या. सरकारची अठरा खाती एका छपराखाली यावीत म्हणून ती १८६८ मध्ये उभी राहिली. आज त्या लाल इमारतीत कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. तिच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की ग्रॅनाइटचे विधानसौध. केंगल हनुमंतय्यांनी हट्टाने उभारलेली ही वास्तू १९५६ मध्ये पुरी झाली. आधी देखरेख करणाऱ्याचे घर आले, मग कारकुनांची कचेरी, आणि लोकांनी निवडून दिलेल्यांची बसायची जागा सगळ्यांच्या शेवटी. हा क्रम लक्षात ठेवला तर पुढची हकिगत समजायला सोपी जाते.

केंद्र आणि राज्य यांच्यातल्या सत्तेच्या वाटणीची चर्चा आपल्याकडे बहुधा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मूळ घटनेत केंद्राच्या यादीत ९७ विषय होते, राज्यांच्या यादीत ६६ आणि सामायिक यादीत ४७. लष्कर दिल्लीचे, पोलीस राज्याचे. रेल्वे दिल्लीची, शेतसारा राज्याचा. भावाभावांच्या वाटणीपत्रासारखा हा कागद आहे आणि वाटणीपत्रासारखाच तो वाचणाऱ्याला निर्धास्त करतो. पण शेत, विहीर, गोठा सगळे धाकट्याच्या नावावर असले आणि धाकट्याला घर सांभाळता येत नाही असे थोरल्याने एका सकाळी जाहीर करून किल्ल्या काढून घ्यायच्या, अशी मुभा त्याच कागदाच्या तळाशी असेल तर यादीतल्या ६६ ओळींचे मोल किती? वाटणीचा कणा यादीत शोधू नये. राज्याचे सरकार चालेनासे झाले हे कोणी ठरवायचे, आणि ठरवणाऱ्याने ते कोणापुढे सिद्ध करायचे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर बाकी सगळे टांगलेले आहे. या दोन प्रश्नांपायी या राज्यात दोनदा तरी सरकार गेले, १८३१ मध्ये आणि १९८९ मध्ये. आणि दोन्ही वेळी निवाडा हाती आला तेव्हा तो ज्याला हवा होता त्याच्या उपयोगाचा राहिला नव्हता.

पहिली वेळ अशी. टिपू पडल्यावर १७९९ मध्ये कंपनीने वडियार घराण्यातल्या लहानग्या कृष्णराजाला म्हैसूरच्या गादीवर बसवले आणि तैनाती फौजेच्या खर्चापोटी वर्षाला सात लाख होन, म्हणजे सुमारे साडेचोवीस लाख रुपये द्यायचे असे तहात लिहून घेतले. ही रक्कम बुडण्याची भीती दिसली तर कंपनीला राज्याचा काही भाग ताब्यात घेता येईल असेही कलम त्यात होते. १८३०-३१ मध्ये नगर भागात रयतेने उठाव केला आणि त्या निमित्ताने गव्हर्नर जनरल बेंटिंकने राज्याचा एखादा भाग नव्हे, सगळे म्हैसूर ताब्यात घेतले. कारण दिले गैरकारभाराचे. कारभार खरोखरच बिघडला होता, त्यात वाद नाही. पण बिघाडाला राजा किती जबाबदार, याची चौकशी करायला समिती नेमली ती राज्य घेऊन झाल्यावर. आणि आरोप होते तितके साधार नाहीत, राजाला दिलेली शिक्षा गुन्ह्याच्या मानाने मोठी झाली, हे चौकशीतून दिसू लागल्यावर खुद्द बेंटिंकने राज्याचा काही भाग परत देण्याची सूचना केली. लंडनच्या संचालकांनी ती फेटाळली. आधी कारवाई, मग चौकशी, आणि चौकशीचा कल उलटा गेला तरी कारवाई कायम. कृष्णराज वडियार पुढची सदतीस वर्षे अर्ज करीत राहिले आणि १८६८ मध्ये राज्य परत न मिळताच वारले. मराठी वाचकाला हे चित्र नवे वाटणार नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंहांना १८३९ मध्ये असेच पदच्युत केले, आरोपांची धड सुनावणीही न होता. आणि त्यांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी लंडनच्या उंबरठ्यांवर चौदा वर्षे बसले. फिर्याद ऐकणारा आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे तो, एकच असला की रंगो बापूजींसारखा चिवट वकीलही काही करू शकत नाही.

म्हैसूर साताऱ्यापेक्षा नशीबवान ठरले. दत्तकपुत्र चामराजेंद्र वडियार वयात आल्यावर २५ मार्च १८८१ रोजी राज्य परत मिळाले. पण ज्या दस्ताने ते मिळाले तो वाचावा. सालिना रक्कम वाढवून ३५ लाख केली. नवे किल्ले बांधायचे नाहीत, नाणी पाडायची नाहीत, रेल्वे आणि तारेसाठी लागेल ती जमीन तिच्यावरच्या हुकमतीसह द्यायची. बंगळूर शहराचा अर्धा भाग, म्हणजे छावणी, ब्रिटिशांकडेच राहिली. ती म्हैसूरला परत मिळायला १९४७चा जुलै उजाडावा लागला. सगळ्यात महत्त्वाच्या अटी दोन. गव्हर्नर जनरल देईल तो सल्ला महाराजांनी मानायचा, आणि दस्ताचा भंग झाला तर राज्य पुन्हा ताब्यात घेण्याचा हक्क वरच्या सत्तेकडे राखून ठेवलेला. भंग झाला की नाही हे ठरवणाराही तोच. दिवाण रंगाचार्लूंनी त्याच साली प्रजाप्रतिनिधी सभा भरवली, देशी संस्थानांत अशी सभा प्रथमच भरत होती. पण दस्तातल्या त्या अटीपुढे सभेला काही म्हणण्याची सोय नव्हती. १९१३ मध्ये या दस्ताच्या जागी जरा सन्मानाची भाषा असलेला तह झाला. कब्बनच्या बंगल्यात मात्र रेसिडेंट होताच.

कर्नाटकात वरच्या सत्तेच्या राखीव अधिकाराचे दोन वारसे एकत्र आले, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. म्हैसूरकडून आला तो रेसिडेंटचा. धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यातले. त्यांच्या वाट्याला १९३५च्या कायद्याचे कलम ९३ आले होते. प्रांतात कारभार चालत नाही असे गव्हर्नरला वाटले तर तो सगळी सत्ता स्वतःकडे घेऊ शकतो, असे ते कलम. १९३९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला तेव्हा मुंबई प्रांत त्याच कलमाखाली गेला आणि १९४६ पर्यंत तिथेच राहिला. घटना समितीने हे कलम टाकून द्यायचे सोडून थोडा पोशाख बदलून घटनेत घेतले. आपण त्याला कलम ३५६ म्हणतो. ह. वि. कामतांसारख्यांनी त्यावर कडाडून टीका केली. डॉ. आंबेडकरांनी गैरवापराची शक्यता नाकारली नाही. हे कलम कागदावरच पडून राहील अशी आशा मात्र व्यक्त केली. आशा फोल ठरली. पुढच्या चव्वेचाळीस वर्षांत ते नव्वदहून अधिक वेळा वापरले गेले. १९५६ मध्ये भाषावार राज्य झाले आणि पूर्वीच्या मुंबई इलाख्याचे वकील नि कार्यकर्ते बंगळूरच्या विधानसौधात येऊन बसले, त्यांतले एक हुबळीचे सोमप्पा रायप्पा बोम्मई. गंमत अशी की त्याच वर्षी म्हैसूर राज्याचे पहिले राज्यपाल झाले जयचामराजेंद्र वडियार, म्हणजे १८८१चा तो दस्त ज्यांच्या हाती पडला त्या चामराजेंद्रांचे नातू. देखरेखीखालच्या घराण्यातला माणूस आता देखरेख करणार होता.

दोष एकाच पक्षाच्या पदरात घालण्याची सोय कर्नाटकाचा इतिहास ठेवत नाही. १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले, बंगळुरात काँग्रेसचे देवराज अर्स मुख्यमंत्री होते. केंद्राने त्यांच्याविरुद्ध चौकशी आयोग नेमला. राज्याच्या मुख्यमंत्र्याची चौकशी केंद्र कशी करू शकते, असा सवाल घेऊन कर्नाटक सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हरले. ३१ डिसेंबरला अर्स सरकार बरखास्त झाले. आणीबाणीविरुद्ध लढून आलेल्यांनी हे केले, हे विसरता कामा नये. दोन महिन्यांत निवडणूक झाली आणि अर्स पुन्हा निवडून आले. दिल्लीने लाटून घेतलेले मतदाराने परत केले. न्यायालयाची गरजच पडली नाही. ही आठवण पुढे एका आक्षेपाला उत्तर देताना लागेल.

मग जनता पक्षाची बाजू पालटली. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री झाले आणि २० मार्च १९८३ रोजी त्यांनी दक्षिणेतल्या मुख्यमंत्र्यांना बंगळुरात बोलावले. एन. टी. रामाराव आले, एम. जी. रामचंद्रन आले, पाँडिचेरीचे मुख्यमंत्री आले; केरळात काँग्रेसचे सरकार, ते आले नाही. केंद्र-राज्य संबंधांचा नव्याने विचार व्हावा अशी मागणी तिथे झाली आणि चारच दिवसांनी इंदिरा गांधींनी संसदेत न्यायमूर्ती सरकारियांच्या आयोगाची घोषणा केली. बंगळूरच्या बैठकीला काही दात होते, एवढे यावरून कळते. आयोगाचा अहवाल यायला १९८८ उजाडले. त्यात एक साधी शिफारस होती: मंत्रिमंडळाला बहुमत आहे की नाही हे सभागृहात तपासावे, राज्यपालांच्या दिवाणखान्यात नव्हे. अहवाल छापला गेला, वाखाणला गेला आणि कपाटात गेला. त्यानंतर जेमतेम वर्षभराने ज्या सरकारवर त्याची कसोटी लागली, ते याच बैठकीच्या यजमान राज्याचे होते.

हेगडे दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणात गेले आणि ऑगस्ट १९८८ मध्ये बोम्मई मुख्यमंत्री झाले. जनता पक्ष आणि लोकदल एकत्र येऊन जनता दल बनत होते, आतल्या आत रुसवेफुगवे होते. १५ एप्रिल १९८९ रोजी बोम्मईंनी मंत्रिमंडळात तेरा जणांची भर घातली. ज्यांना मिळाले ते गप्प बसले, ज्यांना मिळाले नाही ते बोलू लागले. मंत्रिमंडळाच्या विस्ताराला हा नियम चुकत नाही. दोन-तीन दिवसांतच मोळकेरी नावाचे आमदार पक्षातून फुटले आणि आपल्या पत्राबरोबर आणखी एकोणीस पत्रे घेऊन राजभवनावर गेले. सतरा जनता दलाच्या आमदारांची, एक अपक्षाचे, एक भाजपच्या आमदाराचे; सगळ्यांत मजकूर एकच, सरकारचा पाठिंबा काढून घेत आहोत. राज्यपाल होते पी. वेंकटसुब्बय्या, काँग्रेसचे जुने नेते आणि माजी केंद्रीय मंत्री. त्यांनी विधिमंडळाच्या सचिवाला बोलावले आणि पत्रांवरच्या सह्या आमदारांच्याच आहेत ना, हे ताडून घेतले. मग १९ एप्रिलला राष्ट्रपतींकडे अहवाल पाठवला: मुख्यमंत्र्यांनी बहुमत गमावले आहे, दुसरा कोणता पक्ष सरकार बनवू शकत नाही.

इथे जरा थांबून पाहू. बँकेत धनादेश आला तर कारकून सही ताडून पाहतो, कारण तिथे सही म्हणजेच इच्छा. आमदाराच्या पत्राचे तसे नसते. ते पत्र कोणी लिहून आणले, सही कुठे बसून झाली, सही करणाऱ्याला काय सांगितले होते, हे कागदावर दिसत नाही. राज्यपालांनी सह्या ताडून पाहिल्या. सह्या करणाऱ्यांना बोलावून विचारले नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, २० एप्रिलला, एकोणीसपैकी सात जणांनी राज्यपालांना उलटी पत्रे धाडली: आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या, आमचा पाठिंबा सरकारलाच आहे. त्याच दिवशी मंत्रिमंडळाने २७ एप्रिलला विधानसभा बोलावण्याचे ठरवले. बोम्मईंनी राज्यपालांना सांगितले की सभागृहात बहुमत सिद्ध करतो, हवे तर अधिवेशन आणखी अलीकडे घेऊ. प्रश्न एका आठवड्याचा होता. राज्यपालांनी त्याच दिवशी दुसरा अहवाल पाठवला. सात जणांचे माघारी येणे त्यांना मुख्यमंत्र्यांच्या दडपणाचा पुरावा वाटले, आणि थांबलो तर घोडेबाजार होईल अशी भीती त्यांनी घातली. जाणारे बारा प्रामाणिक आणि परतणारे सात मात्र विकले गेलेले, असा हा हिशेब. २१ एप्रिलला सरकार बरखास्त झाले आणि विधानसभाही विसर्जित झाली. ज्या सभागृहात सहा दिवसांनी मोजणी व्हायची, ते सभागृहच शिल्लक ठेवले नाही. १८३१ मध्ये चौकशी निदान नंतर तरी झाली होती.

बोम्मई रस्त्यावर उतरले असते तर चार दिवसांची बातमी झाली असती. ते वकील होते. ते समोरच्या लाल इमारतीत गेले. उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या विशेष खंडपीठाने अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयात अपील पडून राहिले. दरम्यान नागालँड, मेघालय आणि डिसेंबर १९९२ नंतर बरखास्त झालेल्या मध्य प्रदेश, राजस्थान, हिमाचल प्रदेश या राज्यांची प्रकरणे त्याला येऊन मिळाली आणि ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. त्यातले एक प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती परशुराम बाबाराम सावंतांनी न्यायमूर्ती कुलदीपसिंगांच्या वतीनेही लिहिले. पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून आणि पुण्यातल्या सार्वजनिक कामांतून मराठी माणसाला माहीत झालेले तेच सावंत. निकालाचा गाभा असा: राष्ट्रपतींची घोषणा न्यायालय तपासू शकते, संसदेची दोन्ही सभागृहे मंजुरी देईपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही, फार तर स्थगित ठेवता येते, घोषणा बेकायदा ठरली तर गेलेले सरकार परत आणता येते, आणि बहुमत आहे की नाही, याची जागा सभागृह. कर्नाटक, नागालँड आणि मेघालयाची बरखास्ती घटनाबाह्य ठरली. डिसेंबर १९९२ नंतरची तीन राज्ये मात्र केंद्राने वाजवी कारणाने, म्हणजे धर्मनिरपेक्षतेच्या मुद्द्यावर, घेतली असे ठरले. कलम जिवंत राहिले; ते वापरणाऱ्याला आता पुरावा द्यावा लागणार होता, आणि तोही स्वतःच्या पक्षाबाहेरच्या कोणापुढे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की परकी साम्राज्य आणि आपले गणराज्य एका तराजूत घालणे अन्यायाचे आहे. बेंटिंक कोणाला जबाबदार नव्हता. भारताचे पंतप्रधान संसदेला जबाबदार असतात आणि दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांची मंजुरी घ्यावी लागते. हा फरक खरा आहे आणि छोटा नाही. पण १९८९ मध्ये तो कितपत कामी आला? लोकसभेत सत्ताधारी पक्षाचे चारशेहून अधिक खासदार होते. ज्यांच्या मंत्रिमंडळाने सल्ला दिला, त्यांच्याच खासदारांनी तो सल्ला योग्य ठरवला. गव्हर्नर जनरलची चूक संचालकांनी झाकावी, तसेच हे. जबाबदारी असणे आणि जबाबदारी विचारणारा वेगळा असणे, या दोन गोष्टी आहेत. याचा उलटा पुरावा १९९९चा. बिहारात राबडीदेवींचे सरकार बरखास्त झाले, पण राज्यसभेत केंद्राकडे बहुमत नव्हते. मंजुरी मिळणार नाही हे दिसल्यावर ते सरकार महिन्याभरात परत आणावे लागले. संसदेची अट आकडे विरुद्ध असतील तेव्हाच चावते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा देश फाळणीतून निघाला. फुटीर चळवळी, दंगली, सीमेवरचे अस्थैर्य यांना तोंड द्यायला केंद्राकडे शेवटचा अधिकार हवाच. हे मला मान्य आहे, आणि सर्वोच्च न्यायालयालाही मान्य होते, म्हणूनच त्याने कलम मोडीत काढले नाही. पण एप्रिल १९८९च्या बंगळुरात कोणती फुटीर चळवळ होती? मंत्रिपद न मिळालेले काही नाराज आमदार होते. आगीच्या बंबाचे समर्थन करताना तो रोज कोणाच्या अंगणात फिरवला गेला हे पाहायला नको काय? अर्सांना काढणारे आणि बोम्मईंना काढणारे, दोघांच्याही तोंडी स्थैर्याचीच भाषा होती.

तिसरे म्हणतात, शेवटी मतदार आहे की. अर्सांना त्याने परत आणले. बोम्मईंच्या पक्षाला नोव्हेंबर १९८९ मध्ये धूळ चारली, २२४ पैकी १७८ जागा काँग्रेसला दिल्या. मग राज्यपालांचे काय चुकले? चुकले ते असे, की नोव्हेंबरात मतदार काय करणार हे एप्रिलात कोणालाच मोजता येत नव्हते, आणि राज्यपालांचे ते कामही नव्हते. त्यांना विचारलेला प्रश्न होता, आज या सभागृहात बहुमत आहे का. त्याचे उत्तर सात महिन्यांनी वेगळ्या लोकांनी वेगळ्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरातून काढता येत नाही. शिवाय ती निवडणूक एका बरखास्त सरकारच्या पक्षाने लढवली. वेळेवर, सत्तेत राहून लढवली असती तर काय झाले असते, हा तर्कच करीत बसावा लागेल. आणि मतदाराच्या कौलाचा इतका आदर असेल तर पुढचे वर्षही पाहावे. १७८ जागा मिळवणाऱ्या वीरेंद्र पाटलांना ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षांनी बंगळूरच्या विमानतळावर एका वाक्यात घरी बसवले. पक्षाची दिल्ली राज्याच्या सरकारवर कशी चालते, त्यावर कोणतेही घटनापीठ बसलेले नाही. माझ्या मते संघराज्याचे निम्मे दुखणे तिथे आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

चौथा आक्षेप बोम्मई निकालाच्या चाहत्यांना सगळ्यात अडचणीचा आहे. बहुमत सभागृहातच मोजायचे ठरल्यावर मोजणीच्या दिवसापर्यंत माणसे सांभाळणे हा धंदा झाला. त्याचीही राजधानी बंगळूर. १९८४ मध्ये रामारावांचे सरकार पाडले गेले तेव्हा त्यांचे आमदार हेगड्यांच्या कर्नाटकात मुक्कामाला आले होते. २००२ मध्ये विलासराव देशमुखांनी आपले आमदार विश्वासदर्शक ठरावापर्यंत बंगळूरजवळच्या रिसॉर्टमध्ये ठेवले. जुलै २०१९ मध्ये उलटी वारी झाली: कर्नाटकाचे बंडखोर आमदार पवईच्या हॉटेलात, आणि त्यांना भेटायला आलेले डी. के. शिवकुमार पावसात फाटकाबाहेर. त्या महिन्याच्या २३ तारखेला कुमारस्वामींचे सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडले. हा घोडेबाजार बोम्मई निकालाने जन्माला घातला, असे म्हणणाऱ्यांना मी एकोणीस पत्रांकडे बोट दाखवीन. बाजार आधीपासून होता. पूर्वी सौदा राजभवनाच्या दिवाणखान्यात बंद दाराआड पुरा होत असे, आता तो सगळ्यांदेखत, एकेका आमदाराने उभे राहून पुरा करावा लागतो. मे २०१८ मध्ये राज्यपालांनी येडियुरप्पांना बहुमतासाठी पंधरा दिवस दिले होते. २२२ पैकी १०४ जागा असलेल्या पक्षाला पंधरा दिवस कशासाठी लागतात, हे शेंबडे पोरही सांगेल. सर्वोच्च न्यायालयाने ते पंधरा दिवस कापून १९ मेची दुपारी चारची वेळ दिली, आणि येडियुरप्पांनी मतदान न घेताच सभागृहातून राजभवनाचा रस्ता धरला. बाजाराला दिलेला वेळ कमी केला की भाव वाढवायला सवड राहत नाही.

तरीही एक उणीव उरते, आणि तिला उत्तर नाही असे मला वाटते. न्याय उशिरा येतो. १९९४चा निकाल लागला तेव्हा कर्नाटकात नवी विधानसभा येऊन चार वर्षे झाली होती. बोम्मईंना हाती काहीच पडले नाही. २०१६ मध्ये उत्तराखंड आणि अरुणाचलात न्यायालयांनी गेलेली सरकारे परत आणली, तेव्हा हा उशीर थोडा भरून निघाला असे वाटले होते. मग महाराष्ट्राचे प्रकरण आले. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकऱ्यांना बहुमत चाचणीला सामोरे जायला सांगितले. ठाकऱ्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणाले की चाचणी बोलवायला राज्यपालांकडे पुरेसा आधार नव्हता, पण ठाकऱ्यांनी ती दिलीच नाही, म्हणून त्यांचे सरकार परत आणता येत नाही. राज्यपालांच्या मनमानीपासून वाचवायला शोधलेली चाचणी राज्यपालांच्याच हातात हत्यार होऊन आली. कोणत्या दिवशी मोजायचे, हे ठरवणाऱ्याकडे अजूनही बरेच काही शिल्लक आहे. १८८१च्या दस्तात सल्ला आणि जप्ती दोन्ही एकाच हातात होते. १९९४ने जप्ती सोडवून घेतली, सल्ल्याची तारीख सोडवून घ्यायची राहिली.

सीमाप्रश्नामुळे बोम्मई हे आडनाव महाराष्ट्रात अलीकडे वेगळ्याच संदर्भात घेतले जाते. त्यांचे चिरंजीव बसवराज बोम्मई मुख्यमंत्री असताना, २०२२च्या अखेरीस बेळगावचे वातावरण पुन्हा तापले होते. थोरल्या बोम्मईंचे नाव मात्र त्याआधीच कायद्याचा सामान्य शब्द झाले होते. १० ऑक्टोबर २००७ रोजी ते बंगळुरात वारले. त्याच आठवड्यात कर्नाटकात पुन्हा राष्ट्रपती राजवट लागली होती, कारण जनता दल आणि भाजपची आघाडी फुटली होती. पण या वेळी विधानसभा विसर्जित झाली नव्हती. ती स्थगित होती, आणि महिन्याभराने तिच्याच सदस्यांच्या बळावर विधानसौधात नवे मुख्यमंत्री शपथ घेत होते.